नुसतं टेन्शन की त्याहून जास्त? थेरपिस्टकडे कधी जायचं?

परीक्षा, ब्रेकअप, नोकरी... टेन्शन सगळ्यांनाच येतं. म्हणूनच 'आपलं काही तेवढं नाही' असं म्हणत अनेक जण अंगावर काढतात. निम्हान्सच्या २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणानुसार, भारतात वेगवेगळ्या मानसिक आजारांचे ७० ते ९२ टक्के रुग्ण उपचारांविना राहतात.

मग ओळखायचं कसं?

कारण किती मोठं आहे, हे मोजू नका. त्रास किती दिवस टिकला आणि त्यामुळे रोजचं काय अडलं, हे पाहा. नैराश्याचं निदान करताना डॉक्टर दोन आठवड्यांचा निकष लावतात. या काळात जवळपास रोज उदास वाटत असेल, आवडीच्या गोष्टींतही रस उरला नसेल, झोप-भूक बिघडली असेल, कामावर जाणं किंवा मित्राचा फोन उचलणंही जड जात असेल, तर मदत घ्यायची वेळ आली आहे. आजार नसला तरी थेरपिस्टशी बोलता येतं.

कुणाकडे जायचं?

थेरपिस्ट बोलण्यातून उपचार करतात. औषधं लिहून देतात ते मानसोपचारतज्ज्ञ, म्हणजे सायकिअ‍ॅट्रिस्ट. काहींना दोन्ही लागतं.

फी परवडत नसेल तर?

केंद्र सरकारची 'टेली-मानस' हेल्पलाइन ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. नंबर १४४१६. २४ तास, मोफत आणि मराठीतही.

जीव द्यावासा वाटत असेल, तर मात्र दोन आठवडे मोजत बसू नका. जवळच्या माणसाला सांगा आणि लगेच फोन करा किंवा रुग्णालय गाठा.