भूकंपात पूल टिकेल हो, पण रस्ता चालेल का?

एक पूल गेला की अंधेरीचं काय होतं, हे आपल्याला कुणी शिकवायला नको. गोखले पूल ७ नोव्हेंबर २०२२ ला बंद झाला आणि त्याची एक बाजू उघडली २६ फेब्रुवारी २०२४ ला. तोवर आम्हा वर्सोवेकरांना हायवे गाठायला जोगेश्वरीचा नाहीतर पार्ल्याचा पूल. किंवा अंधेरी सबवे, पाणी भरलं नसेल तर!

तरी तो पूल आधी सांगून बंद केला होता. भूकंप नोटीस देत नाही.

मुंबईला भूकंपाचा मध्यम धोका आहे. १९६७ च्या कोयनेच्या भूकंपाचा हादरा इथेही जाणवला होता. २००१ मध्ये भूजच्या वेळी सूरजबारीच्या पुलाला तडाखा बसला आणि कच्छकडे निघालेली मदत खोळंबली.

कुणी म्हणेल, भूकंप कधी येणार हेच कळत नाही, मग अंदाज कसला? अंदाज भूकंपाचा नाही, रस्त्यांचा करायचा. किती हादऱ्याला कुठला पूल निकामी होऊ शकतो ते इंजिनिअर काढतात. मग तेवढे पूल नकाशावरून पुसायचे आणि उरलेल्या रस्त्यांवर गाड्या कशा पांगतील, ते कॉम्प्युटरवर चालवून बघायचं. जगात हे काम रीतसर चालतं.

यात दोन गोष्टी हमखास विसरल्या जातात. पूल पडायलाच हवा असं नाही. तडा दिसला तरी तपासणी होईपर्यंत तो बंदच. आणि त्याच वेळी मुलांना शाळेतून आणायला, घरच्यांना शोधायला सगळे एकदम रस्त्यावर येतात. समुद्र आणि खाडीच्या मध्ये सापडलेल्या यारी रोडवर तर एखादी भिंत आडवी झाली तरी पुरे.

म्हणून पालिकेकडे माझं मागणं साधं आहे. गोखले पूल बंद असताना गाड्या कुठे वळल्या, कुठे तुंबल्या, याचा अभ्यास करा. रेल्वेवरचा कुठला पूल आधी तपासणार, पूर्वेचा पेशंट कूपरला कुठून आणणार, कुठला रस्ता फक्त अ‍ॅम्ब्युलन्स आणि फायर ब्रिगेडसाठी मोकळा ठेवणार, हे आत्ताच ठरवा आणि के-पश्चिम वॉर्डात फलकावर लावा.

'पूल मजबूत आहे' एवढ्यावर मी तरी समाधानी नाही. तुमच्या सोसायटीतून बाहेर पडायला दुसरा रस्ता आहे का? कमेंटमध्ये लिहा, सगळी यादी एकत्र करून वॉर्डात देऊ.