नकार पचवण्याचा खर्च

मार्च २०१३ मध्ये साठावे राष्ट्रीय चित्रपट पुरस्कार जाहीर झाले आणि ‘धग’ या मराठी चित्रपटासाठी उषा जाधव यांना सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचा पुरस्कार मिळाला. अनेक मराठी घरांनाही हे नाव तोवर अपरिचित होते. मग कौतुकाचा पूर आला. जिद्द, चिकाटी, अपार कष्ट! हे शब्द आपण पुरस्कारानंतरच वापरतो. त्याआधी त्याच चिकाटीला आपल्या घरांत ‘खूळ’ म्हणण्याची प्रथा आहे.

कोल्हापूरच्या उषाताई पुण्यात एका पर्यटन कंपनीत नोकरी करीत होत्या. तेथून त्या मुंबईत आल्या. २००७ साली मधुर भांडारकरांच्या ‘ट्रॅफिक सिग्नल’मध्ये त्यांना छोटी भूमिका मिळाली आणि ‘धग’ आला २०१२ साली. मधली पाच वर्षे ऑडिशन देण्याची आणि मिळेल ते काम करण्याची. शिवाजी लोटन पाटील यांच्या या चित्रपटात त्यांनी स्मशानातील कामावर जगणाऱ्या घरातील आई उभी केली. जन्माने वाट्याला आलेले ते काम मुलाला नको आहे आणि घराला तर त्यावाचून गत्यंतर नाही. अशी आई साकारायला गोऱ्यापान चेहऱ्याचा काय उपयोग?

कोल्हापूरला निदान १९२९ साली तेथेच स्थापन झालेल्या ‘प्रभात’चा वारसा आहे. उमरखेड तालुक्यातील ढाणकीच्या मुलामुलींनी काय करावे? गणेशोत्सवातील नाटुकल्यात आणि शाळेच्या स्नेहसंमेलनात टाळ्या मिळवणारी मुले तेथेही असणारच. परंतु ऑडिशन गाठायची तर पैनगंगा ओलांडून हिमायतनगरला जायचे, तेथून मुंबईची रेल्वे धरायची आणि रात्र गाडीत काढायची. अंधेरीतल्या एखाद्या इमारतीच्या जिन्यात शे-दीडशे जणांमागे उभे राहायचे. आत गेल्यावर नाव, वय, उंची सांगायची, डावीकडून, उजवीकडून चेहरा दाखवायचा, चार ओळी म्हणायच्या. दोन-तीन मिनिटांत सारे आटोपते. नकार तोंडावर कोणी देत नाही, फोन येत नाही एवढेच. अशा वाऱ्या दहा-वीस झाल्या की कापसाच्या एका हंगामाचे पैसे संपतात. म्हणून उषाताईंच्या कहाणीतली पर्यटन कंपनीतली नोकरी मला राष्ट्रीय पुरस्काराइतकीच महत्त्वाची वाटते. नकार पचवायला आधी पोटात अन्न लागते.

आणि नकार एक वेळ परवडला, ‘होकार’ अधिक महाग पडू शकतो. ‘निवड झाली, आता नोंदणीचे पैसे भरा’ असे सांगणारे भामटे छोट्या गावांतील पालकांना नेमके हेरतात. काम देणारा पैसे देत असतो, मागत नसतो, एवढे व्यवहारज्ञान तरी आपल्याजवळ असावे. याहून गंभीर गोष्ट स्वतः उषाताईंनी सांगितली आहे. संधीच्या बदल्यात शरीराची मागणी झाल्याचे त्यांनी २०१८ साली बीबीसीच्या माहितीपटात उघडपणे सांगितले. राष्ट्रीय पुरस्कार मिळालेली अभिनेत्री हे बोलते, तेव्हा ‘चित्रपटसृष्टी वाईटच’ असे म्हणून मुलीला घरात बसवणे हा सोपा मार्ग झाला. अपराध दुसऱ्याने करायचा आणि शिक्षा मुलीने भोगायची, हा कुठला न्याय?

वास्तविक २०१३ चा लैंगिक छळ प्रतिबंधक कायदा त्या मुलीलाही संरक्षण देतो. तक्रार करणारी स्त्री त्या ठिकाणी नोकरीला असलीच पाहिजे, अशी त्यात अट नाही. तीन महिन्यांच्या आत लेखी तक्रार द्यावी लागते. निर्मात्याच्या कार्यालयात दहाहून कमी माणसे असल्याने अंतर्गत समिती नसेल, तर जिल्ह्याची स्थानिक समिती असते. मुंबईला निघालेल्या मुलीच्या पिशवीत आई शिदोरी आठवणीने ठेवते. ही माहिती तिला कोण देते?

पुरस्कारानंतर तरी सारे सुरळीत झाले का? २०१४ च्या ‘भूतनाथ रिटर्न्स’मध्ये उषाताई पुन्हा एका मुलाची आईच झाल्या. नोव्हेंबर २०१९ मध्ये गोव्याच्या ‘इफ्फी’त सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचा रजत मयूर त्यांना मिळाला, तो ‘माई घाट’ या मराठी चित्रपटासाठी. ती भूमिकाही आईचीच होती. पोलीस कोठडीत मुलगा गमावलेली आणि न्यायासाठी वर्षानुवर्षे न्यायालयाच्या पायऱ्या चढणारी आई.