खामवरचे तीन पूल

बी.एड.च्या वर्षी आमच्या शेजारच्या खोलीत राहणारे एक मित्र मूळचे दाभोळचे. गेल्या सुट्टीत ते बायको आणि नऊ वर्षांच्या मुलासह पहिल्यांदाच आमच्याकडे आले. तपोवन एक्सप्रेसने दुपारी स्टेशनवर उतरले. सामान रिक्षात चढवेपर्यंत मुलाने पहिला प्रश्न विचारला, "चाचा, तुमच्या शहरातली होडी कुठून सुटते?"

त्याचे काही चुकले नव्हते. दाभोळला वाशिष्ठीच्या खाडीवर फेरीबोट चालते. पलीकडच्या धोपाव्याला जायचे तर माणसे, मोटारसायकली, जीपगाड्या सगळे त्याच बोटीतून जातात. शहर म्हटले की पाणी आले आणि पाणी म्हटले की होडी आली, असा त्याचा सरळ हिशेब. आम्ही हसून सांगितले, "बेटा, इथे होडी नाही. नदी आम्ही पुलावरून ओलांडतो."

"पण मला नदी दिसलीच नाही!"

खरे तर गाडी शहरात शिरताना तो नदी ओलांडूनच आला होता. दौलताबाद मागे पडले की गोलवाडीच्या बाजूला रेल्वे खाम नदीवरून येते. पण खाली काळे पाणी आणि झुडपांत अडकलेल्या प्लास्टिकच्या पिशव्या दिसल्या, तर परगावच्या मुलाने तिला नदी का समजावे? आम्हीच इतकी वर्षे तिला 'नाला' म्हणत आलो आहोत. शाळेत भूगोल शिकवताना गोदावरीची लांबी मुलांकडून पाठ करून घेतली, पण शाळेपासून हाकेच्या अंतरावरून वाहणाऱ्या खामचे नाव किती वेळा घेतले? लाज वाटली. दुसऱ्या दिवशी पाहुण्यांना आधी नदीच दाखवायची असे ठरवले.

आज छत्रपती संभाजीनगर म्हणून ओळखले जाणारे हे आपले जुने औरंगाबाद खामच्या काठी वाढले. १६१० साली मलिक अंबरने इथे खडकी हे नगर वसवले. हबशी देशातून गुलाम म्हणून आलेला आणि पुढे निजामशाहीचा कारभार पाहणारा हा माणूस. उन्हाळ्यात खाम आटते हे पाहून त्याने जमिनीखालून नहर काढून शहराला पाणी दिले. पुढे १६८२ च्या सुमारास औरंगजेबाने शहराभोवती तट बांधला. तटाचे जे दरवाजे खामवर उघडतात, त्यांतले तीन पुलांसाठी ओळखले जातात: मकाई दरवाजा, महमूद दरवाजा आणि बारापुल्ला. मकाई म्हणजे मक्केच्या दिशेचा, आणि बारापुल्ल्याच्या तर नावातच पूल आहे.

सकाळी महमूद दरवाजाने सुरुवात केली, कारण शेजारीच पाणचक्की. मध्य आशियातून आलेले सूफी बाबा शाह मुसाफिर यांचा दर्गा इथे आहे. आठ-दहा किलोमीटरवरच्या डोंगरातून खापरी नळांनी आणलेले पाणी उंचावरून हौदात पडते. त्या पाण्याच्या जोरावर जाते फिरायचे आणि दळलेल्या पिठावर फकीर, मुसाफिर, अनाथ यांची भाकरी व्हायची. मुलगा हौदातल्या माशांना बघत बसला होता. मग त्याला पुलावर नेले. त्याने कठड्यावरून खाली वाकून पाहिले आणि नाक धरले. "चाचा, वरचे पाणी एवढे साफ आणि खालचे असे का?" त्याचे वडील त्याला रागावले, पण प्रश्न रास्त होता.

हे पूल बैलगाड्या आणि घोड्यांच्या काळातले. आज त्यांवरून रिक्षा, शाळेच्या गाड्या, पाण्याचे टँकर, विद्यापीठात आणि मकबऱ्याला जाणारी माणसे, सगळी जातात. बारापुल्ल्यावरून मिलिंद महाविद्यालयाकडे आणि छावणीकडे रोज हजारो विद्यार्थी आणि कामगार ये-जा करतात. कमानीच्या तोंडाशी दोन मोठ्या गाड्या समोरासमोर आल्या की संपलेच.

त्या दिवशी मकाई दरवाजापाशी तेच झाले. दोन्हीकडून गाड्या घुसलेल्या, कोणी मागे हटेना, आणि मधोमध घाटी दवाखान्याकडे निघालेली एक रुग्णवाहिका. भोंगा वाजतोय आणि लोक उलट हॉर्न वाजवून उत्तर देतायत. आम्हीही रिक्षात बसून "काय ही गर्दी" म्हणत राहिलो. तेवढ्यात पुढच्या रिक्षातून एक म्हातारे गृहस्थ काठी टेकत उतरले. त्यांनी एका मोटारसायकलवाल्याच्या खांद्यावर हात ठेवला, "बेटा, जरा पीछे ले." मग दुसऱ्याला सांगितले, मग टेम्पोवाल्याला. पाच मिनिटांत वाट मोकळी झाली. म्हातारबाबा पुन्हा रिक्षात बसले. कोणी त्यांना शुक्रियाही म्हटले नाही. आम्हीही नाही.

ईमानच्या सत्तरहून अधिक शाखा आहेत आणि त्यांतली सर्वांत लहान शाखा म्हणजे वाटेतली त्रास देणारी वस्तू दूर करणे, ही हदीस आम्ही वर्गात कितीदा सांगितली असेल. त्या दिवशी कळले की आम्ही फक्त सांगत आलो. पुलसिरातच्या आठवणीने ज्यांचे डोळे भरून येतात, त्या आपल्याला या पुलावर दुसऱ्यासाठी गाडी दोन हात मागे घेववत नाही.

संध्याकाळी घरी रेल्वेचा विषय निघाला. मनमाडहून औरंगाबादमार्गे सिकंदराबादला जाणारी ही लाईन निजामाच्या काळात, १९०० साली सुरू झाली. तेव्हा ती मीटरगेज होती. मुंबईला जायचे तर मनमाडला गाडी बदलावी लागे. ट्रंका, वळकट्या, पाण्याची सुरई डोक्यावर घेऊन या फलाटावरून त्या फलाटावर धावायचे. आमच्या वालिदांनी ते सगळे केले आहे. १९९० च्या दशकात ब्रॉडगेज झाले आणि मराठवाड्यातली पोरे थेट मुंबईला जाऊ लागली. कोणी शिकायला, कोणी नोकरीला, कोणी दवाखान्याला. २०२३ च्या डिसेंबरात तर जालन्याहून मुंबईला वंदे भारतही सुरू झाली. एक वाट नीट झाली की किती घरांचे दिवस बदलतात, हे आपल्याला कोणी वेगळे सांगायला नको.

आता उरली होडी. मुलाचा हट्ट होता, म्हणून तिसऱ्या दिवशी नगर रोडने कायगाव टोक्याला गेलो. इथे प्रवरा गोदावरीला मिळते. पुलावरून पाहिले तर लांबवर जायकवाडीचे फुगलेले पाणी, आणि त्यात मासेमारांच्या दोन-तीन होड्या. मुलगा खूश. त्याच्या वडिलांनी सहज विचारले, "इकडे होडीने लोक ये-जा करतात का?"

तेव्हा आम्हाला त्यांना भिव धानोऱ्याबद्दल सांगावे लागले. हे गाव याच गंगापूर तालुक्यातले. १९६५ साली लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते जायकवाडीची पायाभरणी झाली. १९७६ साली धरणाचे उद्घाटन झाले आणि नाथसागर भरला. कित्येक गावे उठली. जी काठावर राहिली, त्यांतल्या काहींच्या वाटा पाण्याखाली गेल्या. २०२३ साली बातमी आली की भिव धानोऱ्याची मुले थर्माकोलच्या जाड तुकड्यावर बसून, हातांनी वल्हवत, पाणी ओलांडून शाळेत जातात. पाण्यातले साप वर चढू नयेत म्हणून जवळ काठी ठेवतात. मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने त्या बातमीची स्वतःहून दखल घेतली.

मित्र गप्प झाले. दाभोळच्या फेरीबोटीत दप्तर मांडीवर घेऊन बसणारा त्यांचा मुलगा आणि थर्माकोलवर बसणारी ही मुले एकाच वयाची.

परतताना आमच्या मनात एकच गोष्ट घोळत होती. आपल्या शहरात चार-आठ दिवसांनी नळ येतो, तेव्हा घराघरात भांडी भरण्याची घाई उडते. ते पाणी याच नाथसागराचे. म्हणजे आपल्या हंड्यात पाणी यावे म्हणून कोणाची तरी वाट बुडाली. आणि आपण काय करतो? मकाई, महमूद दरवाजा, बारापुल्ला यांवरून जाताना कचऱ्याची पिशवी गाठ मारून खाली टाकतो. बकरी ईदच्या दिवसांत तर काय काय टाकले जाते ते लिहवत नाही. कुर्बानी इबादत आहे, पण तिचा कचरा नदीत फेकणे ही इबादत नाही. खाम ते सगळे घेऊन त्याच नाथसागरात जाते. पिशवी पुलाखाली गेली म्हणजे नाहीशी झाली, असे होत नाही.

काही चांगलेही घडते आहे. गेल्या काही वर्षांत महापालिका, छावणी परिषद आणि स्वयंसेवी संस्थांनी मिळून खामचे पात्र साफ करायला घेतले. छावणीजवळ लोखंडी पुलाच्या परिसरात तर लोक फिरायला जातात. म्हणजे ही नदी नदी होऊ शकते. पण सकाळी साफ केलेल्या पात्रात रात्री आपणच पिशवी टाकली, तर कोण काय करणार?

पूल बांधणे, विहीर खोदणे, मुसाफिरासाठी सोय करणे याला आपण सदका-ए-जारिया म्हणतो. खामवरचे पूल बांधणाऱ्या गवंड्यांची नावे आपल्याला ठाऊक नाहीत, पण त्यांच्या मेहनतीवरून आपण आजही रोज चालतो. आपल्याला नवा पूल बांधणे जमणार नाही. पण घरातून निघताना कचऱ्याची पिशवी घंटागाडीत टाकणे जमेल. ईदच्या आधी मोहल्ल्याच्या मशिदीत कचऱ्याचे नियोजन ठरवणे जमेल. पुलावर दोन हात मागे थांबणे जमेल. आणि काठावरच्या गावांतल्या मुलांच्या वाटेसाठी कोणी आवाज उठवला, तर "ते आपले गाव नव्हे" असे न म्हणता त्यात आपला आवाज मिसळणे जमेल. त्यांचे पाणी आपण पितो.

पाहुणे गेले त्या दिवशी स्टेशनवर मुलाने विचारले, "चाचा, पुढच्या वेळी येईन तेव्हा त्या पुलाखाली मासे असतील?" आम्ही 'इन्शाअल्लाह' म्हटले. पुष्कळदा काही करायचे नसले की आपण हा शब्द वापरतो. या वेळी तसे होऊ नये, एवढी तौफीक अल्लाह आपल्याला देवो. आमीन.