जात भिंतीवर, कागद कपाटात

यादी लागली. कॉलेजच्या जिन्याखाली, जिथनं अख्खं कॉलेज वर चढतं, बरोबर तिथं. शिष्यवृत्तीच्या अर्जात त्रुटी असलेल्यांची यादी. नाव, वर्ग, जात, बापाचं उत्पन्न, मोबाईल नंबर. धाकट्या बहिणीचं नाव अकरावं. संध्याकाळपर्यंत कुणीतरी फोटो काढून वर्गाच्या व्हॉट्सॲपवर टाकला. दुसऱ्या दिवशी बाकावर शेजारी बसणारी मैत्रीण म्हणाली, "अगं, तू त्यांच्यातली वाटत नाहीस."

वा रे शाबासकी!

मी रात्रपाळी करून आलेलो. कानात रिंगफ्रेमचा आवाज, नाकात कापूस. ती भाकरी थापत सांगत होती. शेवटी म्हणाली, दादा, जाऊ दे. ते 'जाऊ दे' मला यादीपेक्षा जास्त झोंबलं.

कॉलेजात गेलो. खिडकीतले भाऊसाहेब म्हणाले, "सवलत घेताना जात चालते, मग लपवायची कशाला?" म्हणलं भाऊसाहेब, लपवतोय कोण? चौदा एप्रिलला तुमच्याच दारावरनं निळा झेंडा घेऊन जातो आम्ही. आमची जात आम्ही सांगू, आमच्या तोंडानं, आम्हाला वाटेल तेव्हा. तुम्ही ती खळ लावून चिकटवायची नाही. वरच्या आळीतल्या पोराचं गोत्र कधी लागलं का या फळ्यावर? देणगी भरून शिरलेल्याच्या बापाचं उत्पन्न?

भाऊसाहेब गप्प.

त्याच खिडकीमागच्या कपाटात बहिणीचे मूळ दाखले अडकलेत. फी भरा, मग कागद. शिष्यवृत्ती सरकारकडनं आली नाही, दंड पोरीला. २०१८ साली यूजीसीनं लेखी काढलंय की मूळ प्रमाणपत्रं तपासून परत द्या, ठेवून घ्यायची नाहीत. २०११ साली सुप्रीम कोर्टानं सांगितलंय की स्वतःची तपासलेली उत्तरपत्रिका बघायचा विद्यार्थ्याला माहिती अधिकारात हक्क आहे. आपल्या किती पोरांनी बघितली? म्हणजे जो कागद झाकायचा तो भिंतीवर, आणि जो आमच्या हातात द्यायचा तो कुलपात.

तालुक्याचं कॉलेज म्हणून असं चालतं, असं समजू नका. पवईची आयआयटी घ्या. १२ फेब्रुवारी २०२३ ला दर्शन सोलंकी गेला. अठरा वर्षांचं पोर, पहिलं वर्ष. घरच्यांनी जातीच्या छळाचा आरोप केला. संस्थेच्या समितीला तसं काही दिसलं नाही. आणि त्याच वर्षी जुलैत त्याच संस्थेनं सूचना काढली की विद्यार्थ्यांनी एकमेकांना प्रवेश परीक्षेचा रँक विचारू नये, जात कळेल असं काही विचारू नये. दिसलं नव्हतं तर सूचना कशाला? रँक म्हणजे तिथली जात. आमच्याकडे जिन्याखाली यादी, त्यांच्याकडे हॉस्टेलात सहज विचारलेला आकडा. २०१२ सालीच यूजीसीनं लिहून ठेवलं होतं की वर्गात जात जाहीर करायची नाही, 'राखीव' असा शिक्का मारायचा नाही. लिहून ठेवलं होतं. बस.

आता आपल्यातलेच काही शिकलेले म्हणतात, जात कागदावरनंच काढून टाका, कटकट नको. त्यांना माझा साफ विरोध. ७ नोव्हेंबर १९०० ला साताऱ्याच्या शाळेच्या रजिस्टरात भिवा रामजी आंबेडकर हे नाव चढलं. महाराष्ट्रात तो दिवस विद्यार्थी दिवस म्हणून पाळतात, तो त्या एका ओळीमुळं. नोंद आपली वैरी नाही. जात कागदावर नसेल तर राखीव जागा काय हवेत मागणार? नोंद ठेवा, तिला कुलूप लावा. भांडण किल्लीचं आहे.

आणि किल्ली कशी पळवली ते बघा. २४ ऑगस्ट २०१७ ला सुप्रीम कोर्टाच्या नऊ न्यायाधीशांनी एकमतानं खाजगीपण हा मूलभूत हक्क ठरवला. २०१८ च्या मसुद्यात आणि २०१९ च्या विधेयकात जात-जमात ही संवेदनशील माहिती धरली होती, तिला जादा संरक्षण होतं. २०२३ ला कायदा झाला तेव्हा 'संवेदनशील' हा वर्गच गायब. माझ्या बहिणीची जात आणि तिचा मोबाईल नंबर एका मापात! नोव्हेंबर २०२५ मध्ये नियम निघाले. आमची माहिती सांभाळायच्या मुख्य बंधनांना अठरा महिन्यांची मुदत. पण त्याच कायद्यातनं माहिती अधिकाराला लावलेली कात्री मात्र ताबडतोब चालू. आता विचारा, राखीव जागांवर प्राध्यापक कोण भरले, बिंदुनामावली दाखवा. उत्तर येईल, वैयक्तिक माहिती आहे, देता येत नाही. (अनुशेषाचा आकडा कुणाचा वैयक्तिक नसतो. आणि व्यापक जनहित दाखवून मागायचं पोटकलम अजून शिल्लक आहे, अर्जात ते लिहायला विसरू नका.) जिन्याखाली लागलेली पोरीची जात वैयक्तिक नव्हती, आणि यांची भरती वैयक्तिक!

अर्ज तयार आहे. यादी उतरवा. यापुढं जात आणि उत्पन्न न लावता फक्त अर्जाचा क्रमांक लावा. मूळ दाखले परत द्या, नाहीतर का देत नाही ते सही-शिक्क्यानिशी लिहून द्या. माझी शाळा दहावीला सुटली, शुद्धलेखन कच्चं, म्हणून बहिणीला तपासायला दिला. तिनं चार ऱ्हस्व-दीर्घ दुरुस्त केले, एक शिवी खोडली आणि मला न विचारता खाली पहिली सही केली.

लांबच्या मित्रांनी आपापल्या कॉलेजचे फळे बघून घ्या. जवळच्यांनी सोमवारी या. माझी रात्रपाळी सातला सुटते. दहाला, जिन्याखाली.