अंगाला शिक्षा कशाला?

दशलक्षण पर्वात आमच्या बस्तीत एका मुलीचं फार कौतुक झालं. दहाही दिवस तिने एकाशन केलं. पर्व संपलं तरी सोडलं नाही. बायका म्हणाल्या, "केवढं वैराग्य पोरीला!" मीही मान डोलावली. पुढे दिवाळी झाल्यावर ती माझ्याजवळ बोलली. "मावशी, घरातल्याच एकाने अंगाला हात लावला. तेव्हापासून हे अंगच नको वाटतंय बघा. वाळून गेलं की कोण बघायचं नाही."

आता सांगा, ह्याला वैराग्य म्हणायचं?

अशा प्रसंगानंतर कुणी खाणं सोडते, कुणी खातच सुटते, कुणी तास तास अंग घासत बसते, कुणी आरशासमोर उभी राहत नाही. ही किळस आपोआप उगवत नाही, आपण पेरतो. "काय घातलं होतंस?" "एवढी थोराड दिसतेस, जपून राहायला नको?" गुन्हा त्याचा, अन् हिशेब तिच्या अंगाचा!

कोर्टाने तरी काय वेगळं केलं? १९७२ साली देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात मथुरा ह्या आदिवासी मुलीवर अत्याचार झाला. १९७८ मध्ये सुप्रीम कोर्टाने दोन्ही पोलिसांना सोडलं. तिच्या अंगावर जखमा नाहीत, हे एक कारण. बायका रस्त्यावर उतरल्या तेव्हा १९८३ मध्ये कायदा बदलला. तरी दोन बोटांची चाचणी चालूच राहिली. ती करणारा गैरवर्तनाचा दोषी, असं कोर्टाला २०२२ मध्ये बजावावं लागलं. ज्या अंगाकडे सगळे पुरावा म्हणून बघतात, त्याच्याकडे तिने मायेनं कसं बघायचं?

सोळाकारण भावनांत 'शक्तितस्तप' आहे, म्हणजे तप आपल्या शक्तीनुसार. तप करायचं ते आपली कर्मं झडावीत म्हणून. दुसऱ्याच्या पापाची शिक्षा स्वतःच्या अंगाला देणं ही हिंसाच. मुंगीला जपणाऱ्या आपल्याला घरातली ही हिंसा दिसू नये?

तेव्हा बायांनो, यंदा उपासाचं कौतुक करण्याआधी पोरीला जवळ बसवा. "काय झालंय गं?" एवढंच विचारा. तिने सांगितलं, तर "तुझं काही चुकलं नाही" हे पहिलं बोला. मग घराण्याच्या अब्रूचं गाठोडं बाजूला ठेवून पोलिसांत जा. अल्पवयीन मुलांसाठी २०१२ चा पोक्सो कायदा आहे, तो ह्यासाठीच. आणि घरात त्या माणसाचं ताट आधी उचला.