परसबाग : शेणखत आधी, युरिया मागाहून

परसात भाजी लावणाऱ्यांचे दोन पंथ आहेत. पहिला म्हणतो, रासायनिक खताचा दाणाही आमच्या वाफ्यात पडता कामा नये. दुसऱ्याला शेण, पाचोळा, वास, किडे ही कटकट नको असते. मूठभर युरिया टाकायचा आणि पाइप सोडायचा. दीड-दोन महिन्यांनी दोन्ही बागा पाहाव्यात. पहिल्याची वांगी पुष्कळदा पिवळट आणि खुरटी दिसतात. दुसऱ्याचे टोमॅटो कमरेएवढे, काळपट हिरवे. पण पान उलटून पाहिले तर मावा आणि फळ नावापुरते. कष्ट दोघांचेही, आणि भाजी शेवटी बाजारातूनच आणायची!

खरे तर या दोन खतांची कामेच वेगळी. शेणखत, कंपोस्ट ही भरखते. १०० किलो चांगल्या शेणखतात नत्र जेमतेम अर्धा किलो असते, आणि त्यातलेही पहिल्या हंगामात झाडाला साधारण तिसरा हिस्सा मिळते. मात्र ते माती भुसभुशीत ठेवते, ओल धरून ठेवते आणि मातीतल्या असंख्य जिवाणूंना पोसते. युरियाचे उलट. १०० किलोत ४६ किलो नत्र, तेही काही दिवसांत झाडाच्या हाती. मातीला मात्र त्यातून काही मिळत नाही. कोथिंबीर महिना-सव्वा महिन्यात काढायची असते, टोमॅटोला फुलोऱ्याच्या वेळी एकदम भूक लागते. तेवढी घाई शेणखताला जमत नाही. म्हणून भाजीला दोन्ही लागतात.

एकच बाजू धरली की काय होते, याचे मोठे दाखले आहेत. हिमाचल प्रदेशातील पालमपूरला १९७२ पासून खतांचा दीर्घ मुदतीचा प्रयोग चालू आहे. तिथे ज्या तुकड्यांना वर्षानुवर्षे फक्त नत्रखत दिले, त्यांची माती इतकी आंबट झाली की मक्याचे पीक जवळजवळ शून्यावर आले. नत्र, स्फुरद, पालाश आणि सोबत शेणखत मिळालेल्या तुकड्यांनी मात्र चांगले पीक दिले. दुसऱ्या टोकाला श्रीलंका. तिथल्या सरकारने २०२१ च्या एप्रिलमध्ये रासायनिक खतांची आयात एका फटक्यात बंद केली. देशभर पुरेल इतके सेंद्रिय खत तयारच नव्हते. भाताचे पीक घसरले, चहाला फटका बसला आणि नोव्हेंबरमध्ये बंदी मागे घ्यावी लागली.

आता आपल्या वाफ्याकडे वळू. पहिल्या पंथाची वांगी पिवळी का पडतात? बहुतेक वेळा खत सेंद्रिय असते, पण कच्चे असते. लाकडाचा भुसा, वाळका पाला, गव्हाचे काड यांत कर्ब भरपूर आणि नत्र फार थोडे. काडात एक भाग नत्राला कर्ब सुमारे ८० भाग, लाकडाच्या भुशात तर कित्येकशे. हे कुजवणाऱ्या जिवाणूंना एका भागाला २५-३० भाग असे प्रमाण मानवते. मग कमी पडलेले नत्र ते मातीतूनच उचलतात. झाड शेजारी उपाशी राहते आणि आपण म्हणतो, एवढे खत घातले तरी पीक येत नाही! ताज्या कोंबडीखताची तऱ्हा निराळी. त्यात नत्र इतके तेज असते की रोपाची मुळे करपतात.

कुजवण्याचे शास्त्र आपल्याकडे जुने आहे. इंदूरमध्ये १९२४ ते १९३१ या काळात अल्बर्ट हॉवर्ड यांनी शेतातला काडीकचरा आणि शेण यांचे सुमारे तीन महिन्यांत खत करण्याची पद्धत बसवली. तिला आजही ‘इंदूर पद्धत’ म्हणतात. १९३१ साली आलेल्या त्यावरच्या पुस्तकावर हॉवर्ड यांच्याबरोबर यशवंत वाड हे नावही आहे, हे आपल्याकडे फार थोड्यांना ठाऊक असते. हॉवर्ड पुढे रासायनिक खतांचे कडवे विरोधक झाले. त्यांना कदाचित आवडले नसते, पण वाळक्या पाल्याचा ढीग रचताना १० किलो पाल्याला १०० ग्रॅम युरिया पाण्यात विरघळवून शिंपडला तर पाला लवकर कुजतो. जिवाणूंना हवे ते नत्र ढिगातच मिळते, झाडाच्या तोंडचा घास जात नाही.

खत किती द्यायचे, हा प्रश्न सगळ्यांना अवघड वाटतो. त्याची एक सोपी युक्ती आहे. शिफारस हेक्टरी किलोत असते. १० चौरस मीटरचा वाफा, म्हणजे साधारण १० फूट बाय ११ फूट, हा हेक्टरचा बरोबर हजारावा भाग. तेव्हा शिफारशीतले ‘किलो’ खोडून ‘ग्रॅम’ लिहावे, झाले! टोमॅटोच्या सरळ वाणांना हेक्टरी २० टन शेणखत आणि नत्र, स्फुरद, पालाश अनुक्रमे २००, १००, १०० किलो सांगतात. आपल्या वाफ्याला २० किलो शेणखत आणि २००, १००, १०० ग्रॅम.

यातले शेणखत लावणीआधी दोन-तीन आठवडे घ्यावे आणि त्यात ६०० ग्रॅम सिंगल सुपर फॉस्फेट मिसळून, ओलसर करून सावलीत झाकून ठेवावे. हे आवर्जून करावे. नुसते सुपर फॉस्फेट मातीत टाकले की देशावरच्या काळ्या जमिनीत चुना आणि कोकणच्या तांबड्या जमिनीत लोह त्यातला स्फुरद जखडून ठेवतात. शेणखतात मुरवलेला स्फुरद पुष्कळसा सुटा राहतो, आणि सुपर फॉस्फेटमुळे शेणखतातले नत्रही वासाबरोबर कमी उडून जाते.

वाफा तयार करताना हे मिश्रण, एक किलो निंबोळी पेंड आणि १०० ग्रॅम म्युरेट ऑफ पोटॅश मातीत मिसळावे. पालाश शेणखतातही बराच असतो, म्हणून एवढे पुरते. पेंडेतून सुमारे ५० ग्रॅम आणि शेणखतातून तीसेक ग्रॅम नत्र मिळेल. उरले १२० ग्रॅम, म्हणजे २६० ग्रॅम युरिया. पुस्तकी शिफारशीत ही वजावट पुष्कळदा नसते. घरच्या वाफ्यात ती करावीच, असे माझे मत आहे.

हा युरिया एकदम देऊ नये. लावणीनंतर ८-१० दिवसांनी ६५ ग्रॅम, मग तेवढाच २५ व्या, ४० व्या आणि ५५ व्या दिवशी. बुंध्यापासून चार बोटे दूर गोल चर काढून त्यात द्यावा, मातीने झाकावा आणि लगेच पाणी द्यावे. उघडा राहिलेला युरिया हवेत उडून जातो. पूर्वी युरियाला निंबोळी पेंड चोळून रात्रभर ठेवत, म्हणजे तो सावकाश लागू पडे. २०१५ पासून देशात तयार होणारा युरिया कडुनिंबाच्या तेलाचा लेप देऊनच येतो, तेव्हा तो खटाटोप आता नको.

गच्चीवर कुंड्या असतील तर हात फारच आखडता घ्यावा. १२ इंची कुंडीच्या वाट्याला याच हिशेबाने सबंध हंगामात सुमारे दोन ग्रॅम युरिया येतो. पाण्यात विरघळवून चार वेळा विभागून द्यावा. पालक, मेथी, कोथिंबिरीला तर अधिकच जपावे. जास्तीचे नत्र नायट्रेटच्या रूपात पानांत साठते आणि तेच आपल्या ताटात येते. युरिया दिल्यावर निदान आठ-दहा दिवस पालक खुडू नये.

चुलीची राख पालाशासाठी चांगली, पण ती युरियात किंवा शेणखतात कालवू नये. नत्र अमोनिया होऊन उडते. दोन्हींत पंधरा दिवसांचे अंतर ठेवावे.

टोमॅटो निघाल्यावर त्याच वाफ्यात घेवडा किंवा गवार टोकावी. जमिनीत उरलेले शेणखत तोवर हळूहळू लागू पडत असते, आणि ही शेंगावर्गीय पिके आपले बरेचसे नत्र हवेतून मिळवतात. त्यांना युरियाचे वरखत सहसा लागत नाही.