आकाशाला रात्रीचे दहा वाजत नाहीत

गणेशोत्सवाच्या दिवसांत लालबागमध्ये रात्रीचे दहा ही वेळ घड्याळापेक्षा कायद्यामुळे अधिक ओळखली जाते. चिंचपोकळीचा उत्सव १९२० चा, गणेशगल्लीचा १९२८ चा आणि लालबागच्या राजाचा १९३४ चा. या टापूत आवाजाची परंपरा जुनी आहे. तरीही दहाच्या ठोक्याला ध्वनिक्षेपक बंद झाला पाहिजे आणि सवलतीच्या मोजक्या दिवशी बाराला, हा नियम येथे पोरासोरांनाही पाठ आहे. तो नेहमी पाळला जातो असे कोणी म्हणणार नाही. विसर्जन मिरवणुकीत त्याची काय अवस्था होते, हे सर्वांना ठाऊक आहे. परंतु नियम आहे, तो मोडणारा कोण हे दिसते आणि पोलीस चौकीवर जाऊन तक्रार करता येते. लालबागपासून दहा-बारा किलोमीटरवर, कुर्ल्याच्या जरीमरीत वा घाटकोपरच्या टेकडीवर, रात्री दोन वाजता छपरावरून विमान उतरू लागते, तेव्हा तेथील रहिवाशाने कोणाकडे जावे? त्याच्या रात्रीला दहा वाजतच नाहीत.

ध्वनिक्षेपकाला आवर घालणारा कायदा आपोआप आलेला नाही. डॉ. यशवंत ओक यांच्यासारख्या मुंबईकर डॉक्टरांनी १९८० च्या दशकापासून न्यायालयांचे उंबरठे झिजवले. २००० साली केंद्र सरकारने ध्वनिप्रदूषण नियंत्रणाचे नियम केले आणि निवासी भागात दिवसा ५५ व रात्री ४५ डेसिबल अशी मर्यादा घातली. पुढे सर्वोच्च न्यायालयाने जुलै २००५ च्या निकालात स्पष्ट केले, की आपले म्हणणे मांडण्याचे स्वातंत्र्य प्रत्येकाला असले, तरी दुसऱ्याला ते ऐकण्याची सक्ती करण्याचा अधिकार कोणालाही नाही. शांतपणे जगण्याचा हक्क हा जीविताच्या हक्काचाच भाग ठरला. हा सिद्धान्त उत्सवाच्या मांडवाला लागू पडत असेल, तर तो विमानतळाच्या कुंपणापाशी येऊन का थांबावा, हा खरा प्रश्न आहे.

विमानतळांना नियमच नाहीत असे नव्हे. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने २०१४ मध्ये विमानतळांवरील ध्वनिव्यवस्थापनाचे निकष घालून दिले. जून २०१८ मध्ये केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने विमानतळ परिसरासाठी कमाल मर्यादाही ठरवल्या. वर्षाला पन्नास हजारांहून अधिक विमानांची ये-जा असलेल्या विमानतळाभोवती दिवसा ७० आणि रात्री ६५ डेसिबल. मुंबईचा विमानतळ अर्थातच या वर्गात मोडतो. एकमेकींना छेदणाऱ्या दोन धावपट्ट्यांवर ११ नोव्हेंबर २०२३ या एका दिवसात येथे १,०३२ विमानांची ये-जा झाली होती. आता ४५ आणि ६५ या दोन आकड्यांतील अंतर कागदावर फारसे वाटत नाही. परंतु डेसिबलचे माप बेरजेने नव्हे, गुणाकाराने वाढते. वीस डेसिबलचा फरक म्हणजे ध्वनीच्या ऊर्जेत शंभर पटींचा फरक. लालबागच्या चाळीतील झोपेला एक माप आणि जरीमरीतील झोपेला शंभर पटींचे दुसरे, असा हा हिशेब आहे.

याहून गंभीर बाब अशी, की ही मर्यादा सरासरीची आहे. रात्री दहा ते सकाळी सहा या आठ तासांतील एकूण ध्वनी एकत्र करून त्याची सरासरी काढली जाते. समजा, एखाद्या घरावरून जाणाऱ्या विमानाचा ८५ डेसिबलचा आवाज वीस सेकंद टिकला आणि उरलेली रात्र शांत गेली. आठ तासांवर पसरल्यावर त्याची सरासरी ५३ डेसिबलच्या आसपास भरते. अशी चौदा विमाने एका रात्रीत गेली, तरी सरासरी ६५ च्या आतच राहते. म्हणजे घरातील म्हातारे माणूस चौदा वेळा दचकून उठले, तान्हे मूल चौदा वेळा रडले, तरी नोंदवहीत नियमभंग नाही. झोप ही सरासरीने मोडत नाही, ती एकेका आवाजाने मोडते. जे माप मोडलेली झोप मोजतच नाही, ते यंत्र कितीही अचूक असले तरी निरुपयोगी म्हणावे लागेल. जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ मध्ये युरोपसाठी केलेल्या शिफारशींत विमानांचा रात्रीचा आवाज सरासरी ४० डेसिबलच्या खाली असावा असे म्हटले आहे. आपली मर्यादा तिच्यापासून किती दूर आहे, हे सांगण्याची गरज नाही.

युरोपने आपल्या झोपेची काळजी शिफारशींवर सोडलेली नाही. फ्रँकफर्टमध्ये २०११ पासून रात्री अकरा ते पहाटे पाच या वेळेतील नियमित उड्डाणांवर बंदी आहे आणि तेथील सर्वोच्च प्रशासकीय न्यायालयाने ती २०१२ मध्ये कायम केली. लंडनच्या हीथ्रोवर रात्री साडेअकरा ते सहा या काळात वर्षभरात ५,८०० विमानांचीच ये-जा होऊ शकते आणि अधिक आवाजाच्या विमानाला कोट्यातील अधिक हिस्सा भरावा लागतो. ऑस्ट्रेलियाने सिडनीसाठी १९९५ मध्ये स्वतंत्र कायदाच केला. या निर्बंधांचा एक परिणाम आपल्या माथ्यावर येतो. युरोपातील विमानतळ पहाटे उघडतात, तेव्हा तेथे पोहोचणारे विमान मुंबईहून मध्यरात्रीनंतर निघावे लागते. वेळेतील फरक आणि प्रवाशांची सोय हीही कारणे आहेत, हे खरे. तरीही फ्रँकफर्टच्या रहिवाशाला मिळालेल्या शांततेची किंमत काही अंशी कुर्ल्याचा रहिवासी आपल्या झोपेने मोजतो, ही गोष्ट नाकारता येणार नाही.

यावर ठरावीक उत्तरे दिली जातात. पहिले असे, की विमानतळ आधी आला आणि वस्ती नंतर. हे अर्धसत्य आहे. कुर्ल्याची स्वदेशी मिल टाटांनी १८८६ मध्ये घेतली, तेव्हा माणसाने उडवलेले विमान जगात कोठेच नव्हते. धावपट्टीलगतच्या झोपडपट्ट्या नंतरच्या आहेत, हे मान्य केले तरी तेथे राहणारी माणसे हौसेने राहावयास आलेली नाहीत. या शहराला त्यांचे श्रम हवे होते, त्यांना घर मात्र द्यावयाचे नव्हते. दुसरे उत्तर असे, की नवी विमाने पूर्वीपेक्षा पुष्कळ शांत आहेत. तेही खरे. १९७१ पासून आंतरराष्ट्रीय मानके उत्तरोत्तर कडक होत गेली आहेत. परंतु एकेक विमान शांत होत असताना विमानांची संख्या वाढत गेली आणि यंत्राने दिलेला लाभ गर्दीने काढून घेतला. तिसरे उत्तर अर्थकारणाचे. विमानतळावर हजारो लोकांची पोटे अवलंबून आहेत आणि मुंबईसारखे शहर रात्री दार लावून बसू शकत नाही. या म्हणण्यात वजन आहे. म्हणूनच उद्यापासून संपूर्ण बंदीची मागणी कोणी विचारी माणूस करणार नाही. परंतु सर्व बंद आणि सर्व मोकळे या दोन टोकांच्या मध्ये पुष्कळ जागा असते, हेच हीथ्रोचे उदाहरण सांगते.

ही जागा शोधण्याची संधी आता चालून आली आहे. नवी मुंबईच्या विमानतळाचे उद्घाटन ऑक्टोबर २०२५ मध्ये झाले आणि २५ डिसेंबरपासून तेथून प्रवासी विमाने उडू लागली. दुसरा पर्यायच नाही, ही सबब त्यामुळे उरलेली नाही. संख्या कमी करता येते हेही सिद्ध झाले आहे. २०२४ च्या प्रारंभी मुंबईच्या आकाशात विमानांना घिरट्या घालाव्या लागू नयेत म्हणून सरकारनेच गर्दीच्या वेळेतील ताशी विमाने ४६ वरून ४४ वर आणली. विमानांना ताटकळावे लागू नये म्हणून जे करता येते, ते माणसांना झोप लागावी म्हणून का करता येऊ नये?

आरंभ तीन गोष्टींनी व्हावा. मध्यरात्र ते पहाटे पाच या वेळेसाठी संख्येचा आणि आवाजाचा कोटा ठरवावा आणि तो दरवर्षी थोडा खाली आणावा. सरासरीबरोबरच प्रत्येक रात्री किती वेळा ठरावीक पातळी ओलांडली गेली, याची वस्तीनिहाय आकडेवारी मराठीतून प्रसिद्ध करावी. आणि उतरणाऱ्या प्रत्येक विमानाकडून जे शुल्क घेतले जाते, त्यातील काही भाग धावपट्टीच्या टोकांवरील शाळा, रुग्णालये व घरे यांच्या ध्वनिरोधनासाठी राखून ठेवावा. पत्र्याच्या छपराला दुहेरी काच बसत नाही, हे लक्षात घेता यात पुनर्वसनाचाही विचार करावा लागेल. मात्र मुंबईची झोप पनवेल आणि उलव्याच्या झोपेच्या मोबदल्यात विकत घेणे हा उपाय नव्हे. तेथे इमारतींवर इमारती उठत आहेत. ध्वनीचे नकाशे आधी आणि बांधकामाच्या परवानग्या नंतर, हा क्रम तेथे तरी पाळला जावा.

लालबाग-परळने एके काळी गिरणीच्या भोंग्यावर आपले आयुष्य बेतले. तिसऱ्या पाळीहून आलेला माणूस दिवसा चाळीच्या गॅलरीत झोपला की अवघा मजला हळू बोलत असे, कारण त्याची झोप हीच त्या घराची उद्याची मजुरी होती. झोपेचे हे मोल ज्या शहराच्या कामगारवस्तीने ओळखले, त्या शहराच्या राज्यकर्त्यांना ते ओळखता येऊ नये, हे नवल आहे. मांडवातील ध्वनिक्षेपकाला दहा वाजल्याची आठवण करून देणाऱ्या शासनाने एकदा मान वर करून आकाशाकडेही पाहावे.